आगाशांच्या मजलिशीतला ऑपेरा

खोटं बोलायची प्रफुल्ल भालेरावला सवय नव्हती असं नाही. ओमानमधल्या सोहारमध्ये आल्यापासून तीन वर्षं तो एकच खोटं बोलत होता, आणि तेही तोंड न उघडता. पण ह्या शुक्रवारी त्याला तोंड उघडून, चारचौघांत, चांगल्या खणखणीत आवाजात, दोन-अडीच तास खोटं बोलायचं होतं.

भानगड अशी. प्रफुल्ल ज्या पाइपच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तिथला त्याचा साहेब क्षितिज आगाशे. पुण्याचा माणूस. कामाला वाघ, आणि घरी ऑपेराचा शौकीन. ऑपेरा म्हणजे गोऱ्या लोकांचं संगीत नाटक, त्यात साधं 'दार लाव' म्हणायचं तरी गाऊन म्हणतात. युरोपात कुठंही गेला की आगाशे डिस्का घेऊन यायचा. कपाट भरलं होतं. महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, त्याच्या व्हिलाच्या मजलिशीत मराठी कुटुंबं जमायची. मजलिस म्हणजे ओमानी घरमालकाने पाहुण्यांच्या बैठकीसाठी बांधलेली पुढची खोली. भिंतीकडेने लोड-गाद्या, वर झुंबर. आगाशेने समोरच्या भिंतीवर पडदा टांगला होता.

आगाशेची आई श्यामलाबाई पहिल्या रांगेत बसायच्या. त्यांना इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नसत. म्हणून एक पद्धत पडली होती: प्रफुल्लने पडद्याशेजारी खुर्ची घेऊन बसायचं आणि गाणारा काय म्हणतोय ते मराठीत मोठ्याने सांगत जायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आगाशेची बायको सावनी म्हणाली होती, "काय शुद्ध मराठी आहे हो तुमची! घरातूनच असणार." प्रफुल्ल हसला होता. तीन वर्षांत अशा जागी तो हसतच आला होता.

पहिलं हसू नोकरीच्या पहिल्याच दिवशीचं. आगाशेने हातात हात घेऊन विचारलं, "भालेराव! म्हणजे आमचेच की. देशस्थ ना? माझी मावशी दिलीय भालेरावांकडे." प्रफुल्ल 'हो' म्हणाला नाही. 'नाही'ही म्हणाला नाही. हसला. त्या हसण्यावर आगाशेने पूर्ण इमारत बांधली आणि प्रफुल्ल तिच्यात राहायला गेला.

का गेला? भित्रा होता म्हणून नव्हे. पुण्याच्या सोसायटीत त्याने हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला होता, दारावर पंचशीलाचा झेंडा लावला होता. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला सोसायटीतली अकरा पोरं बोलावली. दोन आली, त्यातलं एक चुकून. बाकीच्या नऊ आयांना त्या दिवशी एकदमच काम निघालं. देविका सात वाजेपर्यंत टोपी घालून दारात उभी होती. आठला तृप्तीने, म्हणजे तिच्या आईने, ती टोपी काढली. तेवढी एक गोष्ट प्रफुल्लने मनाशी गाठ बांधून सोहारला आणली. इथे बाबासाहेबांचा फोटो कपड्यांच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला लागला. मस्कतजवळ सीबला आपली माणसं बुद्धजयंतीला जमतात, कोणाच्या तरी घरी वंदना होते, खीर होते. पहिल्या वर्षी बोलावणं आलं. प्रफुल्ल गेला नाही. मग बोलावणंही आलं नाही.

आणि आता देविका नऊ वर्षांची, आगाशेची अश्लेषा नऊ वर्षांची. एकाच वर्गात, एकाच बाकावर. दोघींनी एक वेणी अर्धी-अर्धी वाटून घ्यायचीच काय ती बाकी राहिली होती.

ह्या महिन्याची डिस्क झेक देशातल्या ऑपेराची होती. ऑपेरा शंभर-सव्वाशे वर्षांचा जुना, पण मांडणी नवीकोरी. हल्लीच्या दिग्दर्शकांना जुनं गाव जुन्या गावासारखं दाखवलं तर झोप येत नाही. पडद्यावर खाली ओळी यायच्या त्या फक्त झेक आणि जर्मन भाषेत. इंग्रजी भाषांतर डिस्कसोबतच्या पुस्तिकेत होतं. पुस्तिका एकच. आगाशेने मंगळवारी ती प्रफुल्लच्या टेबलावर ठेवली. "घरी वाचून ये. डिस्क मी आधी लावून बघत नाही, सगळ्यांनी एकदमच बघू. ह्या वेळी सगळी मदार तुझ्यावर."

प्रफुल्लने ती कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचली. अकराव्या पानावर पोचला आणि एसीच्या झोतात त्याला घाम फुटला.

गोष्ट अशी होती. एक मुलगी डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून एका गावात येते. गिरणीवाल्याच्या मुलावर तिचं प्रेम बसतं, साखरपुडा होतो. आपण कोणाची कोण हे ती सांगत नाही. आणि मग विहिरीवर एक बाई तिला ओळखते. मुलीचा बाप मेलेली गुरं ओढून नेणारा, कातडी सोलणारा. त्या देशात त्या लोकांची भांडी वेगळी, देवळातली जागा वेगळी, विहिरीला शिवायची बंदी. बापाचा धंदा तोच मुलाचा, आणि लग्न आपसातच.

"आपलीच गोष्ट गोऱ्यांनी गाऊन ठेवलीय," त्याने घरी तृप्तीला सांगितलं.

"मग चांगलंय. नीट वाचून दाखवा."

"वेडी आहेस का? आगाशे विचारेल, हे लोक म्हणजे आपल्याकडे कोण? मग चर्चा होईल. ती चर्चा माझ्यासमोर होईल. मी कुठं बघू?"

"आरशात बघा," तृप्ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

तिला बोलायला काय जातं, असं प्रफुल्लला वाटलं. पण तिचंही गेलं होतं. गेल्या भाद्रपदात आगाशांकडे गौरी बसल्या, तेव्हा सवाष्ण म्हणून तृप्तीला जेवायला बसवलं होतं. साडी देऊन ओटी भरली होती. परत येताना गाडीत ती एक शब्द बोलली नव्हती, आणि त्या साडीला तिने पुन्हा हात लावला नव्हता.

प्रफुल्लने रात्र न जागता, शिस्तीत, इंजिनिअरसारखा तोडगा काढला. बापाचा धंदाच उडवायचा. मुलगी शत्रूच्या गावची करायची. दोन गावांत जुनं भांडण. अकराव्या पानापासून चाळिसाव्या पानापर्यंत त्याने पेन्सिलीने खुणा केल्या.

एकच अडचण उरली होती. त्याची आई अनुसया.

अनुसयाबाई व्हिजिट व्हिसावर पंधरा दिवसांपूर्वी आल्या होत्या. सिन्नरजवळच्या खेड्यातल्या, वय सदुसष्ट, शाळा चौथी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडून त्यांनी दाराच्या आतला फोटो पाहिला. दिवसभर गप्प राहिल्या. संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्यात का रे? न्हाईतर कसर लागंल बाबाला."

तेव्हापासून प्रफुल्ल आईच्या नजरेला नजर देत नव्हता. शुक्रवारी तिला घरीच ठेवायचा त्याचा बेत होता: उन्हाचा त्रास, गुडघे, काहीही. पण सकाळी सावनीने थेट अनुसयाबाईंनाच फोन केला. "काकू, तुम्ही आल्याशिवाय आम्ही सुरूच करणार नाही." अनुसयाबाई अकरा वाजल्यापासून पांढरी साडी नेसून बसल्या.

"आई," प्रफुल्ल गाडीत म्हणाला, "तिथे मी काय सांगेन ते सांगेन. तू मधे काही..."

"मला कुठं इंग्रजी येतं?" त्या म्हणाल्या. "मी गाणं ऐकणार."

शाळांना सुट्टी लागलेली, बाकीची कुटुंबं भारतात गेलेली. त्यामुळे त्या दिवशी मजलिशीत मोजकीच माणसं होती. आगाशे, सावनी, श्यामलाबाई, आणि स्टोअर्समधला नंदू फडके. नंदू एकटा राहायचा, त्यामुळे जिथे साबुदाणा वडे असतील तिथे तो असायचा. पोरी वरच्या खोलीत पळाल्या. सावनीने वडे, खजूर आणि ताकाचे पेले फिरवले. श्यामलाबाईंनी अनुसयाबाईंना शेजारी बसवून घेतलं.

"आईंना ऑपेरा माहितीये का?" नंदूने विचारलं. "काकू, भीती वाटली तर सांगा हां. बायका फार ओरडतात त्यात."

"आमच्याकडं तमाशातल्या बाया ओरडायच्या," अनुसयाबाई म्हणाल्या. "मला सवय हाय."

सगळे हसले. प्रफुल्लही. त्याच्या हातातली पुस्तिका ओली झाली होती.

पडदा उजळला. पुस्तिकेत लिहिलं होतं: डोंगरातलं गाव, पाणचक्की, सकाळ. पडद्यावर दिसलं एक ऑफिस. काचेच्या भिंती, ट्यूबलाइटी, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली चाळीसेक माणसं संगणकांसमोर बसून झेकमध्ये सकाळचं गाणं म्हणत होती. गिरणीवाला म्हणजे कंपनीचा मालक.

"अर्बाब!" कारखान्याच्या ओमानी मालकाला सगळे म्हणत तसं नंदू ओरडला. "हा तर आपला अर्बाब! टक्कलसुद्धा सेम!"

आगाशे खूश. "मॉडर्न स्टेजिंगची हीच गंमत. गोष्ट जुनी, पण आजची वाटते. बोल प्रफुल्ल, काय म्हणतायत?"

"म्हणतात, पहाट झाली, जातं फिरू लागलं."

"जातं कुठाय?"

"झेरॉक्सचं मशीन फिरतंय ना, तेच."

मुलगी आली. साधी सुती पॅन्ट, हातात पिशवी. आवाज मात्र असा की झुंबराचे लोलक किणकिणले. अनुसयाबाई पुढे सरकून बसल्या.

"ही दुसऱ्या खोऱ्यातली आहे," प्रफुल्ल म्हणाला. पान अकरा. "तिच्या... तिच्या गावाचं आणि ह्या गावाचं पटत नाही."

"का हो?" श्यामलाबाई.

"जुनं भांडण आहे."

"कसलं?"

"बांधाचं."

"घ्या!" नंदू म्हणाला. "झेकमध्ये पण बांध! म्हणजे तलाठी पण असणार."

आगाशेने भुवई उचलली. "बांधावरून कोणी ऑपेरा लिहील? बरं, चालू दे."

एक खोटं उभं केलं की त्याला टेकू म्हणून दुसरं लागतं, आणि दुसऱ्याला तिसरं. पुस्तिकेत मुलगी गात होती: 'बाबा, तुमच्या हातांचा वास माझ्या केसांना येतो, मी तो रोज धुते.' प्रफुल्ल म्हणाला, "ती म्हणते, बाबांची आठवण येते." एवढं बरं निभावलं. पण डिस्क त्याने आधी पाहिली नव्हती, आणि दिग्दर्शकाने कोणावर दया केली नव्हती. पहिल्या अंकाच्या शेवटी डाव्या बाजूने एक म्हातारा आला. नारिंगी डांगरी, पायात गमबूट. खांद्यावर दोर. दोराच्या टोकाला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, चारी पाय वर केलेली एक अख्खी गाय. ती ओढत तो ऑफिसच्या मधून गेला. माणसांनी नाकं दाबली. कोणीतरी त्याच्यामागे स्प्रे मारला.

नंदूने हातातला वडा ताटलीत परत ठेवला.

"हे काय?" सावनी म्हणाली.

प्रफुल्लने पुस्तिकेचं पान उलटलं. "हे... प्रतीक आहे. भांडणाचं ओझं. मेलेलं भांडण अजून ओढतोय."

"वा!" आगाशेने मांडीवर थाप मारली. "काय विचार केलाय! मेलेलं भांडण! वा!"

तृप्तीने ताकाचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. अनुसयाबाई मात्र पडद्याकडे नाही, मुलाकडे बघत होत्या. प्रफुल्लला ते न बघता कळलं. कोणी आपल्याकडे बघतंय हे ओळखायला त्याच्यासारख्या माणसाला डोळे लागत नाहीत.

मध्यंतर झालं. वरून पोरींच्या इंग्रजी किंकाळ्या येत होत्या. नंदूने सातवा वडा घेतला. "प्रफुल्ल, आज तुझा आवाज कापतोय रे. घसा?"

"धूळ आहे हवेत."

"यल्ला, चल, ताक पी."

दुसरा अंक. पान सव्वीस. पुस्तिकेत विहीर होती, दोर होता, बायका होत्या. प्रफुल्ल मनातल्या मनात घोकत होता: विहीर म्हणजे ते काहीतरी भलतंच दाखवतील, काहीतरी उडवाउडवीचं, कोणाच्या लक्षात येणार नाही.

पडद्यावर एक वॉटर कूलर होता. वर निळी बाटली उलटी लावलेला, त्यांच्या कारखान्यात प्रत्येक मजल्यावर असतो तसलाच. मुलगी रिकामी बाटली घेऊन नळाशी आली. ओळखपत्रवाल्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीने मुलीच्या कानाशी तोंड नेऊन एक ओळ गायली, अगदी हळू. मग सगळ्या एकेक पाऊल मागे सरल्या. ढकललं नाही कोणी, मारलं नाही. नुसत्या मागे सरल्या. एक बाई पुढे आली आणि तिने नळ टिश्यूने पुसला. आणि मग चाळीस आवाज एकदम उठले.

"काय म्हणतायत?" श्यामलाबाईंनी विचारलं.

प्रफुल्लसमोर ओळी स्पष्ट होत्या. 'दोराला शिवू नकोस. भिंतीपाशी उभी राहा. भांडं खाली ठेव, आम्ही वरून ओतू.'

"म्हणतात," तो म्हणाला, "तू दुसऱ्या गावाची हेर आहेस. आमच्या गावाची गुपितं सांगतेस. निघून जा."

"प्रफुल्ल."

अनुसयाबाईंचा आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजाने त्याला लहानपणी चुलीपाशी बसवून पाढे म्हणायला लावले होते.

"त्या असं म्हणत नाहीत, बाळा."

नंदू फस्सकन हसला. "काकूंना झेक येतं! क्षितिज, बघ, आपण उगाच ह्याला खुर्ची देतो."

"सांगा ना काकू!" सावनीने टाळी वाजवली. "तुम्हीच सांगा काय म्हणतायत. मजा येईल."

"आई, नको," प्रफुल्ल म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

अनुसयाबाई पडद्याकडे वळल्या. चाळीस माणसं अजून गात होती. त्या त्यांच्या सुरावर, थांबत थांबत, सांगू लागल्या. "त्या म्हणत्यात, लांब हो. हात लावू नको. भिताडाला जाऊन उभी ऱ्हा. भांडं खाली ठेव अन् मागं सर. मी वरनं ओतते. शिंतोडा उडू देऊ नको." मग मुलगी गाऊ लागली तेव्हा म्हणाल्या, "आता ही म्हणती, मला तहान लागलीय. दुसरं काय म्हणंल?"

"छान जमवलंत," आगाशे हसत म्हणाला. "पण हेराचं काय?"

"थांब, थांब, निकाल लावू," म्हणत नंदू उठला आणि त्याने प्रफुल्लच्या हातातून पुस्तिका ओढली. प्रफुल्लची बोटं जरा वेळ तिला चिकटून राहिली, मग सुटली. आगाशेने रिमोट दाबला. मुलगी तोंड उघडं ठेवून थिजली.

नंदूने पान डोळ्यांजवळ नेलं. "दोराला... शिवू नकोस. भिंतीपाशी उभी... आयला! वरून ओतू! काकू, शब्दन् शब्द!" त्याने पाठीमागचं पान उलटलं. "हेर-बिर काही नाही इथे. हे बघ, बाप... नॅकर. नॅकर म्हणजे काय रे?" त्याने फोन काढला. सगळे त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले. प्रफुल्लला वाटलं, सोहारचं नेटवर्क एरवी दर दोन मिनिटांनी जातं, आज जाईना.

"मेलेली जनावरं नेऊन कातडी काढणारा," नंदूने वाचलं आणि मोकळेपणी हसला. "म्हणजे आपल्याकडचे महारच की रे! झेकमध्ये पण!"

तृप्तीने पेला खाली ठेवला.

"पण मग बांध कुठून आला?" आगाशेचं इंजिनिअरिंग जागं झालं. दोष सापडला की मूळ शोधायचं, हे त्याचं काम. "गाय म्हणजे गायच होती की. प्रफुल्ल, तू मुद्दाम बदललंस. का?"

आगाशेला कळलं नव्हतं. पण कळणाऱ्याला कळलं होतं. श्यामलाबाईंनी पदर सारखा केला, आणि अनुसयाबाईंपासून किंचित, अगदी चार बोटं, बाजूला सरकून, गोड आवाजात विचारलं, "तुमचं गाव सिन्नरजवळ म्हणालात ना? गावात घर कुठे तुमचं?"

हा प्रश्न महाराष्ट्रात ज्याला विचारला जातो त्याला त्याचा अर्थ कळतो, आणि विचारणाऱ्यालाही. घराचा पत्ता कोणालाच नको असतो.

अनुसयाबाईंनी सरळ उत्तर दिलं असतं. आयुष्यभर दिलं होतं. पण त्यांनी पोराकडे पाहिलं. "ह्याला विचारा," त्या म्हणाल्या. "घर ह्याचंय. मी पंधरा दिवसांची पाहुणी."

एसी घरघरत होता. प्रफुल्लला दिसलं की अजूनही वाट आहे. एक हसू पुरेल. 'मारुतीच्या देवळाशेजारी' म्हणावं आणि हसावं. आगाशेला पटेल, कारण त्याला पटवून घ्यायचंय. श्यामलाबाईंना पटणार नाही, पण त्या बोलणार नाहीत. वर देविका हसत होती, तिचं हसू जिन्यावरून खाली घरंगळत येत होतं. तेवढ्यासाठी आणखी एकदा हसायला काय हरकत होती? त्याने ओठ ताणून पाहिले. ते ताणले गेले नाहीत.

"गावाबाहेर," तो म्हणाला. "नाल्यापलीकडे. माझे आजोबा, हिचे वडील, गावातली मेलेली गुरं ओढायचे. धर्मांतर झालं आणि त्यांनी ते काम सोडलं. म्हणून गावाने पाणी तोडलं. आई तेव्हा सहा वर्षांची होती. मघाशी तिने जे सांगितलं ते तिने गाण्यातून नाही ओळखलं. तिला पाठ होतं." तो आगाशेकडे वळला. "आम्ही बौद्ध आहोत. देशस्थ वगैरे नाही."

मग नंदू घाईघाईने म्हणाला, "अरे यार, मी ते मघाशी सहज... म्हणजे, माझे कितीतरी मित्र..."

"राहू दे नंदू," तृप्ती म्हणाली. "वडा खा."

"प्रफुल्ल, आम्ही हे असलं काही मानत नाही," आगाशे म्हणाला. तो खरंच दुखावलेला दिसत होता. "तुला माहितीये. ऑफिसमध्ये ह्याने काडीचा फरक पडणार नाही."

ऑफिसचं नाव कोणी काढलं नव्हतं. त्यानेच काढलं.

"पण तुम्ही सांगितलं का नाही?" सावनीचे डोळे भरले होते. "तीन वर्षं! मी तुम्हाला घरचं समजत होते. ही फसवणूकच झाली ना?"

"तुम्ही विचारलं नव्हतं, वहिनी. तुम्ही ठरवलं होतं. मी ते मोडलं नाही, एवढी चूक माझी. तेवढी मोठी आहे, कबूल."

"गौरीला सवाष्ण म्हणून बसली हो ही," श्यामलाबाई कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "सोवळ्यातलं पुरण..."

"बसले," तृप्ती उठून उभी राहिली. "तुम्हीच हात धरून बसवलंत. तीनदा वाढलंत. आणि गौरी काही उठून गेल्या नाहीत, आजी."

अनुसयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांना उठवायला सावनीचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला, मग पुढे आला. तोवर त्या उठल्या होत्या.

"तिसरा अंक राहिलाय," प्रफुल्ल आगाशेला म्हणाला. "बघायचा असेल तर मी वाचतो. बरोबर वाचतो."

आगाशेने पडद्यावरच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, मग आईकडे. "आज राहू दे. आईला बरं वाटत नाहीये." त्याने बटण दाबलं. भिंत पांढरी झाली. श्यामलाबाईंच्या ताटलीत अर्धा वडा होता आणि तोंडात बाकीचा अर्धा.

"देविका!" तृप्तीने जिन्याशी जाऊन हाक मारली. पण त्याआधीच सावनी वर गेली होती.

बाहेर साडेचारचं ऊन पांढरंफटक पडलं होतं. गाडीचं हँडल भाजत होतं. अनुसयाबाई मागे बसल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरीचं पुढं काय व्हतं रे?"

"पुस्तकात विहिरीत उडी मारते. ह्या नव्या लोकांनी काय केलंय देव जाणे."

"त्या पाण्याच्या डब्यात कशी मारणार?" अनुसयाबाई म्हणाल्या. तृप्ती हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर ओढणी धरली.

प्रफुल्लला हसू आलं नाही. त्याच्या डोक्यात रविवार होता. रविवारी सकाळी सात वाजता आगाशे गेटवर भेटेल, 'गुड मॉर्निंग' म्हणेल, नेहमीपेक्षा जरा जास्त मोठ्याने. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पुढच्या महिन्याचा ऑपेरा येणार नाही, किंवा येईल आणि त्याच्या फोनवर दिसणार नाही. कराराचं नूतनीकरण जूनमध्ये होतं. भिण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्याने ते नेहमीच्या शिस्तीने ओळीत मांडायला घेतलं होतं. तेवढ्यात देविका आली. चपला हातात, एक वेणी सुटलेली. दार धाडकन लावून बसली.

"अश्लेषाच्या मम्मीने आम्हाला स्टॉप केलं. मिडलमध्ये. अश्लेषाला बोलली, रूममध्ये जा. मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस."

"मग का?"

प्रफुल्लने गाडी सुरू केली. गोलचक्करापाशी घरी जायचं तर डावीकडे वळायचं होतं. तो वळला नाही. सरळ समुद्राकडे गेला आणि किनाऱ्यालगत, एका वाळक्या खजुराच्या सावलीत गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, नाहीतर भाजून निघाले असते. त्याने आरशात मुलीकडे पाहिलं आणि ज्या भीतीसाठी त्याने तीन वर्षं बाकीच्या सगळ्या भीत्या पोसल्या होत्या, ती समोर येऊन बसली. आगाशेला सांगणं सोपं होतं.

"आपण कोण आहोत, ते त्यांना मी आज सांगितलं," तो म्हणाला. "आधी सांगितलं नव्हतं."

"कोण आहोत?"

प्रफुल्लने एसीची जाळी उगाच इकडून तिकडे फिरवली.

"अश्लेषाला माहितीये?"

"आता कळलं असेल. तिची आई सांगेल."

देविकाने ह्यावर विचार केला. तिचा चेहरा लाल झाला, उन्हाने नव्हे.

"म्हणजे माझी गोष्ट अश्लेषाला माहितीये आणि मला नाही? बाबा, दॅट्स नॉट फेअर. मला आधी सांगायला पाहिजे होतं. सगळ्यांच्या आधी."

आरशातून बोलणं सोडून प्रफुल्ल मागे वळला.

"हो," तो म्हणाला. "तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

ती सीटबेल्ट सोडून पुढे आली आणि दोन सीटांच्या मधे कोपरं टेकून बसली. "आता सांग. मराठीत सांग, आजीला पण कळेल. पण स्लो."

प्रफुल्लने घसा साफ केला. आजोबांपासून सुरू करावं, की नाल्यापासून, की पुण्यातल्या त्या वाढदिवसापासून, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.